जुळणी आणि घडण

जबलपूरच्या कमानिया गेटाच्या परिसरातील सराफा म्हणजे तराजूंची वस्ती. येथे गुंजेची चूक चूक समजली जाते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा हिशेब दशमान पद्धतीने कायद्यातून हद्दपार केला. सोनारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या जिभेवरून मात्र त्याला अजून कोणी हलवू शकलेले नाही. अशा पेठेत एक गणित घालून पाहण्याजोगे आहे. पाच हजार किलोग्रॅम वजनाची मालमोटार चोविसाव्या हिश्श्याच्या मापाने, पण त्याच धातूंची घडविली, तर तिचे वजन किती भरेल? घाईने उत्तर येते, दोनशे आठ किलो. ते चूक आहे. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही चोविसाव्या हिश्श्याने घटतात, म्हणून वजन तेरा हजार आठशे चोविसाव्या हिश्श्यावर उतरते. म्हणजे सुमारे ३६२ ग्रॅम. सराफाच्या भाषेत एकतीस तोळे. ज्या मालमोटारीला रस्ता अपुरा पडतो, ती सराफाच्या पारड्यात सुखाने बसते.

मोटारी आणि मालमोटारी यांच्या अशा प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती जुळविणे आणि जमविणे हा छंद जगात गेली ऐंशी-नव्वद वर्षे रुजलेला आहे. त्याची गोष्ट जबलपूरहून सांगावयाची, तर तिला कारण आहे. मालमोटार सुट्या भागांत आणून येथे जुळवावयाची आणि मग हळूहळू स्वतः घडवावयास शिकावयाचे, हा प्रयोग या शहराने खऱ्याखुऱ्या मापात केलेला आहे.

लहान गाड्याची हौस मात्र यंत्रयुगाच्या कितीतरी आधीची. शूद्रकाच्या आणि पुढे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’तील रोहसेनाला मातीचा गाडा नको असतो; शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा त्याने पाहिलेला असतो. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाड्यात भरते आणि त्या दागिन्यांपायी चारुदत्त वधस्तंभापर्यंत जातो. याहून पुष्कळ जुना पुरावा प्रवरेच्या काठी आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांतील बैलजोडीचा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यावर हाकणारा पुरुष उभा आहे. तो उत्तर-हडप्पा काळातील असावा, याकडे बहुतेक विद्वानांचा कल आहे. मेणाचा नमुना करावा, त्यावर मातीचे वेष्टन चढवावे, मेण वितळवून काढावे आणि त्या पोकळीत धातू ओतावा, ही त्याची ओतकामाची रीत. दागिने ओतण्यासाठी सोनारही तीच वापरीत आला आहे.

मराठी मुलुखात तर लहान गाड्याला राजाश्रयही मिळाला. जबलपूर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्याच घराण्यातील दुसऱ्या रघूजींनी १८०६ मध्ये नागपुरास तान्हा पोळा सुरू केला, असे परंपरा सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून ओढीत नेतात. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी, त्याच प्रांतातले जबलपूर. तेव्हा येथील मराठी घरांना हा लाकडी बैल परका वाटावयाचे कारण नाही.

या सर्व वस्तू गाड्यासारख्या होत्या. अमुक एका गाड्याच्या अमुक एका प्रमाणातील त्या नव्हेत. प्रमाणाचा आग्रह आला तो आगगाडीमागून. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने खेळातल्या रेल्वे स्थानकांजवळ उभ्या करण्यासाठी १९३३ च्या सुमारास लहान धातूच्या मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. इंग्रजी खेळगाडीचे प्रमाण एका फुटास सात मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १:४३. पुढे रूळ गेले, स्थानके गेली, पण मोटारींच्या कपाळी तो विचित्र आकडा कायमचा राहिला. आजही संग्राहक १:४३ म्हणतो, तेव्हा तो नकळत एका विस्मृत आगगाडीचे प्रमाण सांगत असतो.

महायुद्धापूर्वीच्या या डिंकी मोटारींना एक व्याधी जडली, ती सराफ्यात चटकन समजावी. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या होत. मिश्रधातूत शिशाचा अंश शिरला, की वर्षानुवर्षे आतल्या आत कण फुगतात, भेगा पडतात आणि काचेच्या कपाटात कोणी हात न लावलेली मोटार एके दिवशी भुगा होऊन पडलेली आढळते. हिणकस धातूची शिक्षा दागिन्यात भावाने मिळते. येथे ती वस्तूच्या अस्तित्वाला मिळते.

हाताने जुळवावयाच्या संचाचा, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘किट’ म्हणतात त्याचा, जन्म मात्र बाजारपेठेतला आहे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिकची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकांपुढे ठेवता यावी म्हणून. पुढे तीच सुट्या भागांत विकली जाऊ लागली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ए.एम.टी. ही कंपनीही १९४८ पासून मोटार-विक्रेत्यांसाठीच लहान मोटारी करीत असे, आणि त्यांना खऱ्या मोटारींच्याच छटांचे रंग देत असे. १९५८ मध्ये तिने एकाच खोक्यातून तीन तऱ्हांनी जुळविता येईल असा संच काढला आणि अमेरिकेतील मुलांची एक पिढी डिंकाच्या वासात वाढली. पीटरबिल्टसारख्या अवजड मालमोटारींचे १:२५ प्रमाणातील संच १९७० च्या सुमारास आले, आणि छंद मुलांच्या हातून बापांच्या हाती गेला.

जपानच्या तामिया कंपनीची कथा याहून गमतीची. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मन पँथर रणगाड्याचा चालणारा संच काढला. प्रमाण कोणते घ्यावयाचे, हे ठरविले बॅटऱ्यांनी! दोन बॅटऱ्या आणि मोटर पोटात मावतील एवढा रणगाडा करावयाचा ठरले. नंतर मोजून पाहिले तो ते प्रमाण सुमारे १:३५ भरले, आणि आज लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींचे ते जगन्मान्य प्रमाण आहे. त्याच कंपनीने १९७० च्या दशकात पोर्श ९११ चा मोठा संच करण्यासाठी खरी पोर्श विकत घेतली आणि ती सुटी सुटी करून प्रत्येक भाग मोजला. लहान संच करण्यासाठी आधी मोठ्या मोटारीचा संच करावा लागला.

येथे हिंदुस्थानकडे वळावयास हवे, कारण या देशात मोठी मोटारच प्रथम संच म्हणून आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीस कारखाना काढला. तेथे मोटार घडत नसे. परदेशाहून खोक्यांतून आलेले भाग तेथे जुळविले जात. स्वातंत्र्यानंतर प्रश्न उभा राहिला, की नुसत्या जुळणीला उद्योग म्हणावयाचे काय? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने निर्णायक शिफारस केली: भाग येथेच घडविण्याचा क्रमवार कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल, त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डनेही तोच मार्ग धरला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९४७ मध्ये जुळणीपासूनच आरंभ केला होता. तो घडणीच्या कार्यक्रमानिशी टिकला. या शिफारशीमुळे गिऱ्हाइकाला पुढे तीस वर्षे दोन-तीनच मोटारींतून निवड करावी लागली, हा आक्षेप खरा आहे. तरीही प्रश्न योग्य विचारला गेला होता, हेही मान्य केले पाहिजे.

लष्कराची अडचण याहून निकडीची होती. महायुद्धातून उरलेल्या नाना कंपन्यांच्या, नाना मापांच्या गाड्या त्याच्या वाट्यास आल्या होत्या, आणि एकीचा भाग दुसरीला बसत नसे. तेव्हा नजर जबलपूरकडे गेली. येथील गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना, १९०४ चा. फत्तेगड, मद्रास आणि मुंबई येथील जुन्या कारखान्यांचे काम एकत्र करून तो उभारला होता. तुंबा, आरे, धाव आणि आस यांची विद्या त्याच्या अंगी होतीच. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी करार होऊन १९५९ मध्ये याच कारखान्यातून ‘शक्तिमान’ मालमोटार बाहेर पडली. प्रारंभी भाग जर्मनीचे आणि हात जबलपूरचे. मग एकेक भाग येथे, किंवा देशातील इतर कारखान्यांत, घडू लागला. निस्सान कंपनीच्या परवान्याने एक टनी गाडी आणि ‘जोंगा’ ही जीपवजा गाडीही जबलपुरात होऊ लागली, आणि वाहनांचे काम वाढल्यावर १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली.

जोंगा हे नाव आफ्रिकेतील एखाद्या श्वापदाचे वाटते. वस्तुतः ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ यातील आद्याक्षरांचे कडबोळे आहे. असेंब्ली म्हणजे जुळणी. ज्या शब्दाची लाज वाटून तो पुढे पुसून टाकता आला असता, तो या गाडीने शेवटपर्यंत कपाळावर मिरविला.

एवढ्या गाड्या करणाऱ्या देशात लहान गाड्यांचे काय झाले? परकीय चलनाच्या टंचाईमुळे खेळण्यांची आयात दीर्घकाळ जवळजवळ बंद होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एका कंपनीने डिंकीचे निवृत्त साचे आणून ‘निकी’ या नावाने जॅग्वार, बेंटले अशा मोटारी काढल्या. साचे झिजलेले असल्याने कडा बोथट होत. परदेशी संग्राहक आज त्याच बोथटपणासाठी त्या शोधीत फिरतात. म्हणजे येथील मुलाच्या हाती बेंटले आली, जी त्याने रस्त्यावर पाहिली नव्हती. त्याच्या रस्त्यावरून जाणारी शक्तिमान त्याला दुकानात मिळत नसे. आयातीवरील उरलेसुरले परिमाणबंध १ एप्रिल २००१ रोजी उठले आणि जपानी, अमेरिकन संच उघडपणे येऊ लागले. त्यावरचा कर मात्र २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाला. कारण सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ९५०३ या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एका पंक्तीला बसविलेल्या आहेत. पन्नाशीचा गृहस्थ भिंग लावून इंजिनाच्या नळ्या चिकटवीत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो खेळत असतो.

म्हणून शक्तिमानची प्रतिकृती ज्याला हवी, त्याला ती बहुधा स्वतःच घडवावी लागते. खोक्यातील संच जुळविणे ही हौस. मुळापासून घडविणे ही विद्या. आरंभ चाकापासून करतात. खऱ्या गाडीचे चाक एक मीटर व्यासाचे धरले, तर १:२४ ला ते ४२ मिलिमीटरचे होते, आणि छायाचित्रातील बाकीची मापे त्या चाकावरून काढता येतात. मग पत्र्याचा पेच येतो. मडगार्डाचा पत्रा एक मिलिमीटर जाड असेल, तर चोविसाव्या हिश्श्याला तो कागदाच्या निम्म्याहून पातळ हवा. एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक तसेच लावले, तर प्रमाणात ते चोवीस मिलिमीटरचे चिलखत होईल. यावर तोड अशी, की सबंध पत्रा जाडच ठेवावयाचा, पण डोळ्यांना दिसणारी कड तेवढी कानशीने घाशीत धारेपर्यंत न्यावयाची. दिवे, बिजागऱ्या, जाळी हे बारीक भाग कथील-शिशाच्या मिश्रधातूत ओततात. रबराचा साचा गरगर फिरवून धातू कोपऱ्याकोपऱ्यांत फेकण्याची ही पद्धत नकली दागिन्यांच्या धंद्यातून आली आहे, आणि इंग्लंडमधील लहान कार्यशाळांनी १९७० च्या दशकात तीच उचलून १:४३ चे धातूचे संच काढले. कानस, चिमटा, भिंग, मूस, ओतीव साचा: या छंदाची सगळी हत्यारे सराफ्यात ओळखीची आहेत.

शक्तिमान १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत धावली. १९९० च्या दशकात तिचे उत्पादन थांबले आणि त्याच कारखान्यात स्टॅलियन व एल.पी.टी.ए. या गाड्या होऊ लागल्या. जोंगा १९९९ मध्ये संपली. लष्कराच्या लिलावांतून काही गाड्या नागरिकांकडे गेल्या, आणि महेंद्रसिंग धोनी यांनी २०१९ मध्ये एक रांचीस आणली तेव्हा वृत्तपत्रांना या नावाची पुन्हा आठवण झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखाना मंडळ विसर्जित होऊन व्हेईकल फॅक्टरी एका सरकारी कंपनीकडे आणि गन कॅरेज फॅक्टरी दुसरीकडे गेली. निकामी ठरलेल्या शक्तिमान भंगारात तोडल्या जातात. सुटी होणारी प्रत्येक गाडी आपल्याबरोबर काही मापेही नेते: बॉनेटचा उतार, पायरीची उंची, मागच्या फळीच्या कडीचा आकार. ही मापे पट्टीने घेऊन वहीत उतरवावयाची, तर गाडी उभी असतानाच उतरवावी लागतात.