मिठाची विहीर आणि अणु : वऱ्हाडातील शालेय रसायन-परिभाषेसंबंधी

1930 साली मिठाचा सत्याग्रह देशभर सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडास समुद्रकिनारा नव्हता. पूर्णेचे खोरे होते. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून सत्याग्रहींनी मीठ केले व कायदा मोडला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे पाणी नवलाचे नाही. या घटनेचा राजकीय इतिहास सुपरिचित आहे. परिभाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र तिच्यातील 'आटवणे' या साध्या क्रियापदाकडे जाते. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या शालेय धड्यात हीच क्रिया 'बाष्पीभवन' या नावाने येते. पण मूळ शब्द कोणत्याही समितीने घडविलेला नाही.

मीठ आटवूनच का काढावे लागते, याचे कारण त्याच्या विद्राव्यतेत आहे. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, आणि पाणी उकळीपर्यंत तापविले तरी हे प्रमाण 39 ग्रॅमच्या आसपासच राहते. म्हणून तापलेले द्रावण थंड केल्याने मीठ फारसे हाती लागत नाही. पाणीच घालवावे लागते. सोऱ्याची गोष्ट उलट आहे. त्याचे 20 अंशांचे सुमारे 32 ग्रॅम उकळत्या पाण्यात 240 च्याही पुढे जातात, तेव्हा तेथे निवविणे पुरते. कारागिरास ही आकडेवारी ठाऊक नव्हती, भेद ठाऊक होता. लोणारच्या सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे होती. त्यांतील 'पापडी' व 'भुसकी' ही तरी क्षाराच्या रूपावरून पडलेली दिसतात. हेही एक वर्गीकरणच होय.

धड्यातील इतर क्रियाही अशाच घरच्या आहेत. ज्वारी उपणणे, डाळ पाखडणे, पीठ चाळणे, ताक गाळणे, गढूळ पाणी निवळू देणे, यांतील एकही शब्द अकोल्याच्या मुलास शिकवावा लागत नाही. 'निवळणे' या क्रियापदाशी 'निवळी' हे बी जोडलेले आहे. ते उगाळून पाण्यात घातले असता गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. संस्कृतात यालाच कतक म्हणतात. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दाखला मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. परिभाषाकारांनी तो जवळ बाळगण्यासारखा आहे.

या ओळखीच्या शब्दांत पहिला अडसर 'ऊर्ध्वपातन' या शब्दाचा. हा रसशास्त्रातला. खालच्या पात्रात पारा तापवावयाचा आणि वर उपड्या ठेवलेल्या पात्राच्या आतील अंगास तो धरू द्यावयाचा, अशी ती क्रिया होती. मराठीने हा शब्द द्रवाची वाफ करून ती पुन्हा द्रवरूपात मिळविण्याच्या क्रियेस लावला, आणि कापराप्रमाणे घन पदार्थ थेट वायुरूप होतो त्यास 'संप्लवन' म्हटले. हिंदीने पहिल्या क्रियेस 'आसवन' हे नाव देऊन 'ऊर्ध्वपातन' दुसरीस ठेवले. पारा द्रव आहे म्हणून मराठीची बाजू बळकट वाटते. परंतु रससिंदूरासारखे पदार्थ वरच्या भागास घनरूपातच धरतात, म्हणून हिंदीचीही निराधार म्हणता येत नाही.

धड्याचा उत्तरार्ध अणुरचनेचा. तेथे घरातले शब्द संपतात व दर्शनांतले सुरू होतात. वैशेषिकांच्या मते परमाणु नित्य व अविभाज्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक अथवा त्रसरेणु, जो झरोक्यातील उन्हात तरंगताना दिसतो. या शिडीवरून दोन्ही भाषांनी पायऱ्या उचलल्या, पण वेगवेगळ्या. मराठीने 'अणु' आणि 'रेणु' घेतले. हिंदीने 'परमाणु' आणि 'अणु'. 1897 साली टॉमसनने इलेक्ट्रॉन दाखविला, 1911 साली रदरफर्डने अणुकेंद्राची कल्पना मांडली, आणि 'परम' या विशेषणातील अंतिमतेचा दावा टिकला नाही. 'अणु' म्हणजे नुसते सूक्ष्म. त्याने असा दावा केलाच नव्हता. मराठीची निवड या एका बाबतीत अधिक सुखरूप ठरली, ती दूरदृष्टीने म्हणण्यापेक्षा योगायोगाने.

वऱ्हाडात हा भेद केवळ कोशातला राहिला नाही. 1950 ते 1956 या काळात हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. याच काळात नागपूरला डॉ. रघुवीर (1902–1963) सर्व भारतीय भाषांसाठी एकच संस्कृतनिष्ठ परिभाषा रचीत होते. ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार. या शब्दांमागील व्युत्पत्तीची शिस्त नाकारता येणार नाही. परंतु प्राणवायू, नत्रवायू आणि कर्ब मराठीत आधीच रुळले होते, आणि रुळलेला शब्द हलविण्यास व्युत्पत्ती पुरत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात. एकाच राज्यात नांदणाऱ्या दोन परिभाषा त्यानंतर दोन राज्यांत विभागल्या गेल्या.

परिणाम सातपुड्याच्या दोन अंगांस आजही दिसतो. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणु असतात, हे वाक्य अमरावतीचे. बैतूलच्या वर्गात तेच विधान एका अणूतील दोन परमाणूंचे होते. वाक्यात चूक असेल तर ती वाचून उमगते, समासात ती लपते. 'अणुभार' हा शब्द घ्यावा. जुन्या मराठी पुस्तकांत त्याचा अर्थ एका अणूचा भार, म्हणून ऑक्सिजनचा अणुभार 16. हिंदीत तोच शब्द मराठीतील रेणुभाराचा वाचक, म्हणून तेथे 32. मेळघाटातील जो विद्यार्थी धारणीस मराठी पुस्तक आणि बऱ्हाणपुरास हिंदी पुस्तक वाचतो, त्याने दोन्हींतील व्याख्या बिनचूक पाठ केल्या, तरी एकीचा आकडा दुसरीच्या गणितात घालताच उत्तर दुप्पट किंवा निम्मे येते.