पाणपोईचं पाणी

साल १८६०. पावसाळा सरत आलाय आणि तुम्ही काळबादेवीत, तुमच्याच पेढीच्या गादीवर मांडी घालून बसला आहात. पुढ्यात सरकारी छापील कागद. गुमास्ता तो तिसऱ्यांदा वाचतोय आणि तिसऱ्यांदाही तोच अर्थ निघतोय: वर्षाची कमाई लिहून द्या.

सत्तावन्नच्या बंडानं कंपनी गेली, तिजोरीही रिकामी झाली. ती भरायला विलायतेहून आलेल्या जेम्स विल्सननं हा प्राप्तिकर आणला, त्यासाठी मनूचा दाखलाही दिला आणि ऑगस्टात कलकत्त्यातच वारला. कर मात्र राहिला. दोनशेच्या आत माफी, पाचशेपर्यंत दोन टक्के, वर चार. गुमास्त्याला महिना पंधरा. तो सुटला, आणि मिशीतल्या मिशीत हसतोय. तुमचे तीन हजार. म्हणजे एकशेवीस रुपये.

एकशेवीस रुपयांचं तुम्हाला काही नाही. कापसाच्या गाठीमागे पांजरापोळीचा धर्मादाय कापला जातो, महाजनांनी ठरवलेला. कधी कुरकुर केली नाहीत. (तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो, हेही आहे म्हणा.) तिथं लंगडी गाय चारा खाताना दिसते, लोक नाव घेतात. इथं पैसा कुठं जाणार ते दिसत नाही, आणि कीर्द-खतावणी परक्यापुढं उघडायची! पेढी पतीवर चालते. वही उघडी पडली की पतही उघडी पडते.

मुंबईच्या कर-कमिशनरांत कावसजी जहांगीर रेडीमनी आहेत. अडल्यानडल्याला रोकड देणारं घराणं, म्हणून हे आडनाव. पंधराव्या वर्षी इंग्रजी पेढीचं गोदाम सांभाळलेला माणूस. कुठल्या गाठीत किती कापूस ते त्यांना सांगावं लागत नाही. ते तुमचा आकडा बघतात. मग तुमच्याकडं बघतात. तुम्ही मुकाट्यानं तीनाचे साडेचार हजार करता. पहिली वसुली सुरळीत पार पडली ती अशी.

काही वर्षं पुढं सरका. अमेरिकेत यादवी, इथं कापसाला सोन्याचा भाव. सट्ट्यात गबर झालेल्यांनी शहर भरलं, आणि १८६५ मध्ये प्राप्तिकराची मुदत संपली. त्याच वर्षी जुलैत बाजार कोसळला. मिठावरचा कर तेवढा कुठं गेला नाही. गुमास्ता तो भाकरीबरोबर रोज भरतो.

रेडीमनी आता देत सुटलेत. विद्यापीठाच्या सभागृहाला एक लाख. शहरभर चाळीस पाणपोया. १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातसुद्धा एक, संगमरवरी. १८७२ मध्ये ‘सर’ झाले. उदार माणूस, यात शंका नाही. पण कमिशनर म्हणून त्यांनी पेढ्यापेढ्यांतून जे गोळा केलं, त्याची पाटी तुम्हाला कुठं दिसली का?

ऐन उन्हात तुम्ही गुमास्त्याबरोबर अशाच एका पाणपोईशी थांबता. दगडावर नाव कोरलेलं. गुमास्ता ओंजळ धरतो, घटाघटा पितो, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसतो.

“शेठ, पाणीसुद्धा रेडीमनी शेठनीच आणलं का हो?”

पाणी विहार तलावाचं. नळातून येतं, तो तलाव सरकारी पैशातून बांधलेला, १८६० मध्येच पुरा झालेला. तुम्ही हे त्याला सांगायला तोंड उघडता, पण मागं रांग वाढलीय, पखालवाला खेकसतोय. तुम्ही पुढं होऊन ओंजळ धरता.