फाशी की जन्मठेप? प्राध्यापक जैनांच्या दारात आलेला मुलगा



गेल्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या स्वाध्याय मंडळात विषय होता क्रोध कषाय. शास्त्र वाचून झालं, आणि मग नेहमीप्रमाणे गप्पा वर्तमानपत्राकडे वळल्या. धर्मावरून, जातीवरून किंवा विचारावरून दुसऱ्याचा जीव घेणाऱ्या तरुण पोरांचं काय करायचं? आमच्यातल्या एक काकू ताडकन म्हणाल्या, "फाशीच द्यायला हवी. अशांना पोसायचं कशाला?" कोपऱ्यात बसलेली एक नवी सून हळूच म्हणाली, "काकू, वीस-बावीस वर्षांचं पोर असतं हो ते. कुणीतरी डोकं भरवलेलं असतं." काकू म्हणाल्या, "आणि मेलं ते पोर नव्हतं का कुणाचं?"

मी काहीच बोलले नाही. दोघींचं म्हणणं पटत होतं. घरी येऊन सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग कपाटातली जुनी पुस्तकं काढली. आपल्याच भागातून गेलेला एक इतिहास त्यात सापडला, आणि त्यात आपल्या समाजातले एक प्राध्यापकही आहेत. तोच आज सांगते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो निर्वासित कुटुंबं आपल्या कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरली. त्याच छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. सगळं गमावून आलेली ही माणसं. त्यांनी पापड लाटले, कापड विकलं, दुकानं थाटली. त्याच काळात पंजाबातल्या पाकपट्टणहून आलेला एक विशीतला मुलगा मुंबईत काम शोधत फिरत होता. त्याचं नाव मदनलाल पाहवा.

तो एका दारात जाऊन उभा राहिला. ते दार होतं डॉ. जगदीशचंद्र जैन यांचं. हे रुईया कॉलेजातले प्राध्यापक, प्राकृत भाषेचे आणि जैन आगमांचे मोठे अभ्यासक. त्यांनी या पोराला आपली पुस्तकं विकायला दिली, म्हणजे चार पैसे सुटतील. पुढे मदनलाल अहमदनगरकडे गेला आणि तिथे विष्णु करकरेच्या संगतीला लागला. जानेवारी १९४८ मध्ये तो परत प्राध्यापकांकडे आला, तेव्हा त्याची भाषा बदललेली होती. गांधीजींना मारायचा बेत आहे, असं त्याने सांगून टाकलं. प्राध्यापकांनी त्याला मुलासारखं समजावलं. या नादाला लागू नकोस म्हणाले. पोरगं बढाया मारतंय, बोलून बोलून शांत होईल, असंही त्यांना कुठेतरी वाटलं.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आपल्या घरातला एखादा मुलगा जेवताना काहीतरी विखारी बोलतो, आणि "वय आहे त्याचं, येईल ताळ्यावर" म्हणून आपण आमटी वाढतो. प्राध्यापक जैनांनी निदान समजावलं तरी होतं.

२० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाऊसच्या प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला आणि मदनलाल पकडला गेला. वर्तमानपत्रात ते नाव वाचताच प्राध्यापक जैन मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे धावले आणि होतं नव्हतं ते सांगितलं. तरीही पुढचं टळलं नाही. स्फोटानंतर आठवडा उलटायच्या आत कटातली मंडळी आपल्या ठाण्यात भेटली आणि नवा बेत पक्का झाला. आपण रोज ज्या ठाण्यावरून लोकलने जातो, तेच हे ठाणे. ३० जानेवारीच्या संध्याकाळी नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या. बापूंना वाचवू शकलो नाही ही सल प्राध्यापकांना जन्मभर राहिली. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

मधल्या दहा दिवसांतली एक गोष्ट मात्र विसरू नये. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी गांधीजींनी प्रार्थनासभेत सांगितलं की त्या तरुणाचा कुणी तिरस्कार करू नका. पोलिसांनी त्याला छळू नये, त्याचं मन वळवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला मारायचं होतं, तोच हे सांगत होता.

त्यानंतर आपल्या महाराष्ट्रात काय झालं, हे सांगली-कोल्हापूरकडच्या घरांना सांगायला नको. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून ज्यांचा काही संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरं, दुकानं, छापखाने पेटवले गेले. माझी आजी सांगायची, लांबच्या गावावरचा धूर आमच्या मळ्यातून दिसत होता आणि बायका दिवसभर चूल पेटवायला घाबरत होत्या. द्वेषाने केलेल्या एका खुनाचा बदला म्हणून द्वेषानेच किती संसार उघड्यावर आणले!

आता शिक्षेकडे येऊ. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. प्राध्यापक जैनांनीही साक्ष दिली. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी. करकरे, मदनलाल, नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ, ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या या पाच जणांना जन्मठेप. सावरकर निर्दोष सुटले. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता.

हा शंकर म्हणजे बडगेचा नोकर. तोही विशीतलाच. मालक म्हणेल ते करणारा. पुढे अपिलात, २१ जून १९४९ ला, पंजाब उच्च न्यायालयाने त्याला आणि परचुऱ्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे विशेष न्यायालयाने जन्मठेप दिलेला पोरगा चार-साडेचार महिन्यांत मोकळा झाला. त्याला फाशी झाली असती आणि ती उरकली असती, तर वरच्या न्यायालयाने कुणाला सोडलं असतं? काकूंना माझं पहिलं उत्तर हेच आहे. न्यायाधीशही माणूस असतो आणि चुकतो, म्हणून चूक सुधारायला आरोपी जिवंत असावा लागतो.

दुसरी गोष्ट गांधीजींच्या मुलांची. मणिलाल आणि रामदास यांनी वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नका, अशी विनंती केली. रामदासांनी तर तुरुंगात नथुरामला पत्रं लिहिली. पण नेहरू, पटेल आणि गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी ती मानली नाही. तेच राजाजी ८ ऑगस्ट १९४९ ला आपल्या उल्हासनगरची कोनशिला बसवायला आले होते. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली.

इथे एक फरक लक्षात घ्या. मुलांनी "सोडून द्या" असं म्हटलं नव्हतं, "मारू नका" एवढंच म्हटलं होतं. आणि तेही आपल्या वडिलांबद्दल. दुसऱ्याच्या मुलाच्या खुन्याला मी डोंबिवलीत बसून क्षमा करू शकत नाही. तो अधिकार माझा नाही. ज्या आईची कूस उजाडली, तिला "उत्तम क्षमा" म्हणून उपदेश करणं म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय. पण सरकारने तिच्या वतीने जीव घ्यावा का, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, कारण सरकार आपल्या नावाने चालतं.

मग जन्मठेपेने काय साधलं? इथे मला खोटं बोलायचं नाही. गोपाळ गोडसेने तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की माफीचे दिवस धरून माझी वीस वर्षं भरली, आता सोडा. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे चौदा किंवा वीस वर्षं नव्हे, उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने शिक्षा कमी केली तरच सुटका. "जन्मठेप म्हणजे काय, चौदा वर्षांत बाहेर" असं आपण सहज म्हणतो. ते कायद्यात नाही, हे या गोडसे खटल्यानेच ठरवलं. चौदा वर्षं ही काही गुन्ह्यांत सुटकेचा विचार सुरू व्हायच्या आधीची किमान मुदत आहे, तीही पुढे १९७८ साली आली.

ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ, करकरे आणि मदनलाल सुटले. पुण्यात त्यांच्यासाठी सत्यनारायणाची पूजा घातली गेली, सत्कार झाला. त्यावरून एवढा गदारोळ झाला की शेवटी कटाच्या चौकशीसाठी कपूर आयोग नेमावा लागला. गोपाळ गोडसे २००५ पर्यंत जगला आणि आपल्या कृत्याचा पश्चात्ताप नाही असंच सांगत राहिला. म्हणजे जन्मठेपेने माणूस बदलतोच असं नाही. काकू इथे म्हणतील, "बघ, मी सांगत नव्हते?" त्यांचं हे खरं आहे. पण फाशीनेही द्वेष संपला नाही. १५ नोव्हेंबरला त्या दोघांना हुतात्मा म्हणणारे आजही आहेत.

आजचा कायदा काय म्हणतो तेही सांगते. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यात, आणि आरोपीचं कोवळं वय, सुधारण्याची शक्यता हे पाहावंच लागतं. अठराच्या आतल्याला फाशी नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणाने खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनात १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघा तरुणांना जन्मठेप दिली. पण खरा सूत्रधार तपासात पुढे आला नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. गोळी झाडणारा हात सापडतो, डोकं भरवणारा बरेचदा सापडत नाही. हात फासावर गेला, की डोक्याबद्दल सांगणारा साक्षीदारही गेला.

आता आपल्या धर्माकडे. श्रावकासाठी हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. अंगावर आलेल्याला अडवताना होणारी ती विरोधी. ती श्रावकाकडून पूर्ण सुटत नाही. ठरवून केलेली ती संकल्पी, आणि ती तर सोडायचीच. हल्ला करणाऱ्याला पोलिसांनी रोखलं, ती विरोधी. पण हात बांधलेल्या, कोठडीत बंद माणसाला तारीख ठरवून मारणं, याला कोणती म्हणायची? मला तरी ती संकल्पीच दिसते.

रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसाणुव्रताचं उदाहरण म्हणून समंतभद्राचार्यांनी कोणाचं नाव घेतलं आहे, आठवतं? यमपाल मातंगाचं. तो राजाचा जल्लाद. हिंसाबंदीच्या पर्वात राजाचा मेंढा मारणाऱ्या राजपुत्रालाच देहदंड झाला होता. यमपालाने मुनींकडून चतुर्दशीला जीव न घेण्याचा नियम घेतलेला, म्हणून त्याने राजाज्ञा नाकारली आणि स्वतःचा जीव पणाला लावला. राजपुत्र निर्दोष आहे असं तो म्हणाला नाही. "माझ्या हातून नाही" एवढंच म्हणाला.

म्हणून काकू, माझं उत्तर असं. फाशी नको, जन्मठेप हवी, आणि ती खरीखुरी हवी. सत्कारासाठी लवकर सुटका नको, पुढाऱ्यांच्या मर्जीने माफी नको. आलोचना आणि प्रायश्चित्ताला वेळ लागतो. तो वेळ आपण द्यावा. त्याने तो वाया घालवला तर ते त्याचं कर्म. आपण तो हिरावून घेतला तर ते आपलं.

आणि सूनबाई, डोकं भरवलेलं असतं म्हणून पोर निर्दोष होत नाही. कल्याणच्या छावणीतली पोरंही सगळं गमावूनच आली होती. त्यांनी पापड विकले.

परवा माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक विखारी मेसेज टाकला. एरवी मी नुसता पुसून टाकला असता. या वेळी त्याला घरी बोलावलं, पोहे दिले, आणि मदनलाल आणि प्राध्यापक जैनांची गोष्ट सांगितली. तो गप्प बसून ऐकत होता. पटलं की नाही, माहीत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे.

जय जिनेंद्र.