साखळी, औषध आणि शब्द

"याला ठाण्याला पाठवायला पाहिजे!" डोंबिवली-कल्याणकडे वाढलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुणेकर हेच येरवड्याच्या नावाने म्हणतात. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झालं आणि शहराचं नाव वेडाला चिकटलं. थट्टेत ठीक आहे हो, पण घरातलं माणूस खरंच बिथरलेलं असताना हेच वाक्य धमकी म्हणून येतं. त्याने कुणी शांत झाल्याचं ऐकिवात नाही.

मग माणूस शांत होतो कशाने? गंमत म्हणजे याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच सापडलं होतं, आणि तेही डॉक्टर नसलेल्या माणसाला. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात प्युसाँ नावाचा व्यवस्थापक होता. तो आधी तिथलाच रुग्ण. बरा झाल्यावर तिथेच कामाला लागला. रुग्णांवर हात उचलायला त्याने नोकरांना बंदी केली, बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमलं, आणि १७९७ मध्ये साखळ्या काढायला लावल्या. श्रेय मिळालं डॉ. पिनेलना, पण पिनेलनी स्वतः प्युसाँचं ऋण मान्य केलंय. पुढे १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेलला डॉ. कोनोलींनी शेकडो रुग्णांच्या रुग्णालयात बांधून ठेवणंच बंद केलं. पण त्यासाठी सेवक भरपूर लागतात आणि तेही समजूतदार, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

इथेच खरी मेख आहे. शब्दांना माणूस लागतो आणि वेळ लागतो. दोरीला दोन्ही लागत नाही.

आपल्याकडे इंग्रजांनी वेड्यांची इस्पितळं आणली, १८५८ आणि १९१२ चे कायदेही आणले. त्या कायद्यांना काळजी होती ती कुणाला कुणाच्या हुकमाने आत ठेवायचं याची. आत त्याच्याशी कसं बोलायचं, हा प्रश्नच नव्हता. १९५२ नंतर औषधं आली आणि ती मोठीच सोय झाली. पण बोलण्याऐवजी इंजेक्शन, अशी सवयही लागली. आणि रुग्णालयांबाहेर साखळ्या होत्याच. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

२०१७ च्या कायद्याने साखळी आणि एकांतकोठडी, दोन्हींवर बंदी आणली. तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच रुग्णाला आवरून धरायची मुभा आहे. शिक्षा म्हणून नाही. आणि 'कर्मचारी कमी आहेत' एवढ्याच कारणासाठीही नाही! कोनोलींचा मुद्दा कायद्यात यायला पावणेदोनशे वर्षं लागली.

बोलायचं कसं, यावर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी दहा सूत्रं मांडली. दोन हात अंतर ठेवा. दार अडवू नका. बोलणारा एकच असू द्या. वाक्यं छोटी ठेवा. त्याला काय हवंय ते विचारा. त्याचं जे पटण्यासारखं आहे ते मान्य करा. मर्यादा स्पष्ट पण शांतपणे सांगा. निवड त्याला करू द्या. पुष्कळदा काही मिनिटांत फरक पडतो, म्हणतात.

आता आपली डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा डोळ्यांसमोर आणा. काका, मामा, शेजारचे दोघे, सगळे एकदम समजावतायत, कुणीतरी दारात उभं, आणि मागून "हळू, लोक ऐकतील". दहापैकी निम्मी सूत्रं तिथेच मोडली!

हातात शस्त्र असेल तर धाडस नको. बाहेर पडावं आणि ११२ ला फोन करावा. एरवी मदत मागायला जागा आहेत. ठाण्यातच १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था आहे, आणि २०२२ पासून १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे.

असो. मदत येईपर्यंत घरच्यांपैकी ज्याच्यावर त्या माणसाचा विश्वास आहे, त्या एकानेच बोलावं. बाकीच्यांनी आत जाऊन चहा टाकावा.