हुंडी, मुद्रांक आणि बँक-दर : १९५१ ते १९५७

मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम कायद्याच्या कलमांकडे जाते. परंतु पैशाचा भाव कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न स्वतंत्र भारतात पहिल्यांदा तीव्रतेने उभा राहिला तो हुंडीवरील मुद्रांकाच्या निमित्ताने. हा मुद्रांक इतक्या महत्त्वास कसा चढला, हे समजण्यास त्याआधीच्या पाच वर्षांचा व्यवहार पाहिला पाहिजे.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने बँक-दर तीन टक्के केला आणि तो पुढे सोळा वर्षे तसाच राहिला. या दीर्घ स्थैर्याचे एक मोठे कारण असे की, त्या दराचा व्यवहाराशी फारसा संबंध येत नव्हता. व्यापारी बँकांना रोकड हवी असली म्हणजे त्या रिझर्व्ह बँकेकडे कर्ज मागण्याऐवजी जवळचे सरकारी रोखे तिला विकीत. आणि रोख्यांचे भाव कोसळू नयेत म्हणून तीही ते घेत असे. जो दर सहसा कोणास द्यावाच लागत नाही, तो चढविला काय आणि उतरविला काय, परिणाम सारखाच.

भारतातील पैशाची मागणी शेतीच्या ऋतुचक्राशी बांधलेली होती. कापूस, भुईमूग, ऊस ही पिके बाजारात येऊ लागली की साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कर्जाची मागणी चढे आणि पावसाळ्यात ओसरे. पेढीवाल्यांना ही भरती-ओहोटी पूर्वापार ठाऊक होती. १९४५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा संशोधन व संख्याशास्त्र विभाग स्थापन झाला आणि जानेवारी १९४७ पासून बँकेची मासिक पत्रिका निघू लागली. त्यामुळे नोटा, ठेवी व कर्जे यांचे आकडे अभ्यासकांसमोर नियमितपणे येऊ लागले. या आकड्यांच्या आधारे एक प्रश्न नेमकेपणाने विचारता येत होता : हंगामात बाहेर पडलेला पैसा हंगाम सरल्यावर परत येतो काय? रोखे विकून मिळविलेली रोकड परत करण्याचे बंधन बँकांवर नव्हते. कर्जाऊ दिलेला पैसा मात्र मुदत संपताच परतणारा होता.

कोरियन युद्धाच्या काळातील भाववाढीने हा भेद निकडीचा केला. नोव्हेंबर १९५१ मध्ये गव्हर्नर बेनेगल रामराव यांच्या कारकीर्दीत बँक-दर साडेतीन टक्के करण्यात आला. आणि हंगामी गरजेसाठी यापुढे सरकारी रोखे सामान्यतः विकत घेतले जाणार नाहीत, त्यांच्या तारणावर कर्ज मात्र मिळेल, असेही जाहीर झाले. बँकांची नेहमीची वाट अशी अडविल्यावर दुसरी वाट देणे क्रमप्राप्त होते. जानेवारी १९५२ मधील हुंडीबाजार योजना ही ती वाट होय.

योजनेचे स्वरूप असे होते. बँकेने आपल्या ऋणकोकडून घेतलेल्या दर्शनी वचनचिठ्ठ्यांपैकी काही नव्वद दिवसांच्या मुदती वचनचिठ्ठ्यांत बदलून घ्याव्यात, त्या रिझर्व्ह बँकेकडे तारण ठेवाव्यात आणि कर्ज घ्यावे. व्याज बँक-दराहून अर्ध्या टक्क्याने कमी, म्हणजे तीन टक्के. शिवाय मुद्रांकाचा निम्मा खर्च रिझर्व्ह बँकेने सोसावयाचा. आरंभी दहा कोटी रुपये वा अधिक ठेवी असलेल्या अनुसूचित बँकांनाच प्रवेश होता. एका वेळचे कर्ज किमान पंचवीस लाखांचे आणि प्रत्येक चिठ्ठी किमान एक लाखाची असावी लागे. पुढे या अटी सैल होत गेल्या.

योजनेचे नाव आणि तिचे वास्तव यांत अंतर होते. देशी परंपरेत हुंडी म्हटली की माल किंवा रक्कम एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, कागद हातोहात फिरतो, कोणी तरी तो वटवितो. येथे मात्र चिठ्ठी ऋणकोकडून बँकेकडे आणि तेथून रिझर्व्ह बँकेकडे जाऊन थांबत असे. मालाच्या प्रत्यक्ष खरेदी-विक्रीतून ती जन्मलेली असेलच असे नव्हते, आणि तिची खरेदी-विक्री करणारा तिसरा पक्षही नव्हता. बाजार हा शब्द होता. बाजार भरला नव्हता. तथापि योजनेचे एक फळ निश्चित होते : बँका कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारी येऊ लागल्या आणि तिच्या दरास अर्थ प्राप्त झाला.

हा अर्थ प्राप्त होताच त्यावरील स्वामित्वाचा प्रश्न उद्भवला. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने सवलती टप्प्याटप्प्याने काढून घेऊन योजनेचा दर नोव्हेंबरात साडेतीन टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुख यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. देशमुख हे स्वतः १९४३ ते १९४९ या काळात गव्हर्नर होते. त्यांच्यानंतर आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबरअखेर हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढविण्याचा प्रस्ताव मांडला. वरकरणी ही करविषयक बाब होती. परंतु तिच्यामुळे या मार्गाने घेतलेल्या पैशाचा खर्च सुमारे चार टक्क्यांवर जात होता. बँक-दर न बदलता बँक-दर वाढविण्याचाच हा प्रकार आहे, असा रामरावांचा आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंनी बँकेची स्वायत्तता मान्य केली, पण शासनाच्या धोरणाशी विसंगत धोरण तिला आखता येणार नाही, अशी भूमिका घेतली. जानेवारी १९५७ मध्ये रामराव पायउतार झाले. मे १९५७ मध्ये बँक-दर रीतसर चार टक्के करण्यात आला.

या वादात दर चढावा की नाही, हा मतभेदाचा मुख्य मुद्दा नव्हता. तो कोणाच्या निर्णयाने चढावा, हा होता. १ जानेवारी १९४९ रोजी झालेल्या राष्ट्रीयीकरणाबरोबर जनहितार्थ बँकेस आदेश देण्याचा अधिकार शासनाकडे आला होता. परंतु त्यासाठी गव्हर्नरांशी विचारविनिमय करण्याची अट होती. मुद्रांकाच्या मार्गाने जाताना त्या अटीचा प्रश्नच उरला नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग एका गव्हर्नराच्या मानापमानापुरता मर्यादित मानता येत नाही.

प्रत्यक्ष मालाच्या व्यवहारातून निघालेल्या हुंड्यांवर आधारलेली नवी योजना नोव्हेंबर १९७० मध्ये आली. दर ठरविण्याच्या अधिकाराचा उलगडा कायद्यात होण्यास २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार महागाईचे लक्ष्य बँकेच्या सल्ल्याने शासन ठरविते, आणि ते गाठण्यासाठी लागणारा धोरण-दर सहा सदस्यांची चलनविषयक धोरण समिती ठरविते. १९५६ मध्ये एकमेकांत मिसळलेले दोन अधिकार असे वेगळे करण्यात आले. मात्र शासनाचा आदेश देण्याचा अधिकार कायद्यात अद्याप आहेच. म्हणून बँकेच्या स्वातंत्र्याची मर्यादा मोजू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने तिच्या कलमांबरोबरच तिच्या व्यवहारातील कागदांवरील शुल्क, सवलती आणि मुदतीही तपासल्या पाहिजेत.