उत्पादन-आराखड्यातील गुंतागुंतीचे नियोजन : आयबीएम सिस्टिम/३६० चा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :
नव्या उत्पादनाचा आराखडा आखताना निर्माण होणारी गुंतागुंत हा औद्योगिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. या दृष्टीने अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या 'सिस्टिम/३६०' या संगणकमालिकेचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

पार्श्वभूमी :
१९६० च्या सुमारास आयबीएमची १४०१, ७०७०, ७०९० अशी अनेक यंत्रे प्रचलित होती. मात्र एका मालिकेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मालिकेवर चालत नसे. काम वाढल्यामुळे ग्राहकाने मोठे यंत्र घेतले, तर त्याला आपले प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. कंपनीने नेमलेल्या समितीने डिसेंबर १९६१ मध्ये लहान-मोठ्या यंत्रांसाठी एकच आज्ञासंच स्वीकारण्याची शिफारस केली.

नियोजनाचे तत्त्व :
जीन अॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 'आर्किटेक्चर' आणि प्रत्यक्ष बांधणी यांत स्पष्ट भेद केला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास यंत्र कसे दिसावे, हे सर्वांसाठी एकदाच ठरविले गेले; ते आतून कसे साधावे, याचे स्वातंत्र्य अभियंत्यांना मिळाले. त्यामुळे अमेरिकेतील एंडिकॉट व इंग्लंडमधील हर्सली येथील प्रयोगशाळा वेगवेगळ्या यंत्रांवर काम करू शकल्या. ७ एप्रिल १९६४ रोजी सहा प्रतिरूपे एकाच वेळी जाहीर झाली.

मर्यादा :
ओएस/३६० या कार्यप्रणालीबाबत मात्र असे यश लाभले नाही. कमी-अधिक स्मृतिक्षमतेच्या यंत्रांना पुरी पडेल अशी प्रणाली घडविताना काम लांबले. ऐन भरात हजाराहून अधिक माणसे त्यावर राबत होती. या अनुभवातून ब्रुक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मन्थ' या ग्रंथात प्रतिपादन केले की, रखडलेल्या कामावर माणसे वाढविल्यास ते अधिकच रखडते. नवागतांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परसंपर्कही वाढतो. दहा जणांत ४५ जोड्या होतात, तर वीस जणांत १९०.

निष्कर्ष :
समान आज्ञासंचामुळे गुंतागुंत नाहीशी झाली नाही; तिचे स्थान बदलले. पूर्वी प्रोग्रॅम पुन्हा लिहिण्याचा भार ग्राहक वाहत होता; पुढे सर्व यंत्रांना सांभाळून घेण्याचा भार उत्पादकाच्या प्रोग्रॅम-विभागावर आला. म्हणून आराखड्याचे मूल्यमापन करताना गुंतागुंत किती घटली एवढेच पाहणे पुरेसे नाही. ती कोणाच्या वाट्याला गेली आणि त्यासाठी पुरेसा वेळ दिला गेला काय, हेही तपासणे आवश्यक ठरते.