गिझरचं पाणी तापायला वेळ लागतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

पेण / रोहा : गिझर लावून अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच, ही तक्रार थंडीत पेण-रोह्याच्या वाड्यांवर नेहमीची. मग ‘गिझर गेला’ म्हणून नवा आणला जातो आणि तोही तसाच रडतो. बऱ्याचदा दोष गिझरचा नसतोच.

आधी घड्याळ लावून बघावे. १५ लिटर, २,००० वॅटचा गिझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १८ ते २० मिनिटे घेतो. २५ लिटरचा असेल तर अर्धा तास लागणारच. पण हा हिशेब २३० व्होल्टचा आहे. लाइनच्या शेवटच्या खांबावरच्या घरात सकाळी १८० व्होल्टच येत असतील, तर तोच गिझर जेमतेम १,२२५ वॅटने चालतो आणि १८ मिनिटांचे काम ३० मिनिटांवर जाते. व्होल्टेज थोडे उतरले तरी ताकद त्याच्या दुपटीने घटते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुपारी पाणी लवकर तापते आणि सकाळीच उशीर होतो? मग व्होल्टेजवर संशय घ्यावा. गिझर चालू असताना मीटरपाशी आणि गिझरच्या पॉइंटवर, दोन्हीकडे वायरमनकडून मोजून घ्यावे. मीटरपाशी ठीक आणि पॉइंटवर कमी, म्हणजे घरातली वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. प्लग गरम होत असेल तर थांबूच नये. या गिझरला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. मीटरपाशीच कमी असेल, शेजाऱ्यांकडेही तेच असेल, तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवावी.

व्होल्टेज नीट असेल तर पाण्याकडे वळावे. नदी-धरणाचे नळपाणी बहुधा मऊ, बोअरचे जड. जड पाणी तापले की पांढरा क्षार एलिमेंटवर चढतो. उष्णता पाण्यात जायच्या आधी तिथेच अडकते, शेजारचा थर्मोस्टॅट फसतो आणि टाकी तापायच्या आतच दिवा बंद करतो. म्हणजे ‘दिवा लवकर जातो, पाणी मात्र कोमट’ ही क्षाराची खूण. थर्मोस्टॅट बिघडला असला तरी असेच होते. असाच चालवत राहिला तर शेवटी एलिमेंट जळते.

सफाई मेकॅनिककडूनच करून घ्यावी, आणि आधी एमसीबी खाली पाडावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. क्षार काढायला लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते. संडास धुवायचे ॲसिड टाकीत घालू नये, टाकीच खाऊन जाते. बोअरवाल्यांनी हे वर्षाला एकदा करावे. पाण्याला किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर गिझर त्याच क्षणी बंद. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी तपासल्याशिवाय पुन्हा लावू नये. त्यात जीव जातो.

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरची गोष्ट वेगळी. ३,००० वॅटचा असला तरी तो मिनिटाला सव्वा लिटरच नीट तापवतो. नळ पूर्ण सोडला तर कोमटच येणार. धार बारीक करावी.

बंब अजून अनेक घरांत आहे. तो उशीर करू लागला तर मधल्या नळीची काजळी आणि जाळीतली राख काढावी. ओला पाला, ओल्या झावळ्या धूर करतात, ऊब देत नाहीत. आतला क्षार चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्याने सुटतो.

गॅस गिझरची ज्योत पिवळी दिसली तर बर्नर घाण झाला समजावे. बंद न्हाणीघरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जमतो. खिडकी उघडी हवीच. अंघोळ करताना डोके दुखू लागले किंवा गरगरले तर लगेच बाहेर यावे, आणि सिलिंडर घरातल्या दुसऱ्या कुणाला बंद करायला सांगावे.